सामायिक नोंदी आणि त्यांचा अर्थ : नागपूर परिसरातील माता-नवजात नोंदणीचा अनुभव

आरोग्यविषयक माहितीसाठे देशोदेशींनी वाटून घ्यावेत की नाही, आणि घ्यावेत तर कोणत्या अटींवर, ही चर्चा बहुधा संगणक, कायदे आणि करारमदार यांच्याभोवती फिरते. त्या माहितीचा उगम मात्र एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील गावात, गरोदर बाईच्या घराच्या ओसरीवर होत असतो, आणि तिथे लिहिल्या गेलेल्या एका तारखेवर किंवा वजनाच्या एका आकड्यावर पुढे सात-आठ ठिकाणच्या संशोधनाचे निष्कर्ष उभे राहतात, ही गोष्ट चर्चेत क्वचितच येते. नागपूर आणि भोवतालचा ग्रामीण प्रदेश यांचा या विषयाशी दीर्घ आणि प्रत्यक्ष संबंध आहे. या प्रदेशात नोंदणीचे काम केलेल्यांचा अनुभव असा की माहिती सीमेपलीकडे पाठवणे आता अवघड राहिलेले नाही. तिचा अर्थ तिच्याबरोबर पोहोचवणे हे खरे कष्टाचे काम आहे, आणि ते ज्यांना करता येते त्यांना संशोधनाच्या उतरंडीत सर्वांत खालची जागा मिळते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी बालआरोग्य आणि मानवी विकास या विषयांना वाहिलेल्या, युनिस केनेडी श्रायव्हर यांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने २००१ साली स्त्रिया आणि बालके यांच्या आरोग्याच्या संशोधनासाठी एक जागतिक जाळे उभारले. ‘ग्लोबल नेटवर्क’ या नावाने ते ओळखले जाते. त्याची रचना अशी की गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशातील एक संशोधनसंस्था आणि अमेरिकेतील एक विद्यापीठ यांची जोडी मिळून एक केंद्र चालवते. नागपूरच्या केंद्राची धुरा लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन या संस्थेकडे आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. अर्चना पटेल यांच्याकडे राहिली, तर बोस्टन विद्यापीठाच्या डॉ. पॅट्रिशिया हिबर्ड या त्यांच्या अमेरिकेतील सहकारी. भारतातील दुसरे केंद्र बेळगावचे, केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे. बाकीची केंद्रे पाकिस्तानातील ठट्टा जिल्हा, पश्चिम केनिया, झांबिया, काँगो, ग्वाटेमाला आणि पुढे बांगलादेश अशी पसरलेली आहेत. विदर्भातील कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातील बाई, सिंधच्या किनाऱ्याजवळची बाई आणि ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातील माया वंशाची बाई यांच्या बाळंतपणांची नोंद एकाच नमुन्याच्या अर्जावर व्हावी, ही कल्पनाच मोठी धाडसाची आहे.

या जाळ्याचा कणा म्हणजे माता-नवजात आरोग्य नोंदणी. इथे नोंदणी हा शब्द विशिष्ट अर्थाने वापरला जातो. रुग्णालयातील केसपेपर हीदेखील नोंदच असते, पण ती रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या बाईचीच असते. जी पोहोचली नाही, वाटेत बाळंत झाली किंवा घरीच दगावली, तिचा त्या कागदांत पत्ता नसतो. लोकसंख्याधारित नोंदणीत याउलट एक भूभाग आखून घेतला जातो, साधारणपणे एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील गावे, आणि त्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीची, ती कुठेही आणि कशीही बाळंत होवो, नोंद घेतली जाते. तिची संमती घेऊन तिला एक क्रमांक दिला जातो आणि प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत तिची व बाळाची विचारपूस केली जाते. ४२ दिवस यासाठी की मातामृत्यूच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येची मुदत तेवढी आहे. अशा कामाशी प्रस्तुत लेखिकेचा संबंध आला तो नागपुरात परत येणाऱ्या अर्जांच्या तपासणीच्या निमित्ताने आणि त्या अर्जांतील शंका फेडण्यासाठी गावोगावी करावी लागणाऱ्या फेऱ्यांच्या निमित्ताने. पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

अर्जातील सर्वांत साधा वाटणारा प्रश्न शेवटच्या पाळीच्या तारखेचा असतो. या तारखेवरून गरोदरपणाचे आठवडे मोजले जातात, आणि ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ अकाली जन्मलेले धरले जाते. म्हणजे तारीख दोन आठवड्यांनी चुकली तर पूर्ण दिवसांचे बाळ अकाली ठरू शकते किंवा अकाली जन्मलेले बाळ पूर्ण दिवसांचे. विदर्भातील ग्रामीण स्त्रीला इंग्रजी महिन्याची तारीख सांगता येईलच असे नाही, पण ती विसरलेली असते असेही नाही. ती सांगते की पोळ्याच्या दोन दिवस आधी बसले होते, किंवा महालक्ष्म्यांच्या जेवणाला बसता आले नाही म्हणून पक्के आठवते, किंवा धानाचा रोवणा संपला त्या आठवड्यात. हे उत्तर अंदाजे नसते, उलट अतिशय काटेकोर असते, कारण पाळीच्या दिवसांत देवघरापासून दूर राहण्याची रीत असलेल्या घरात सणाच्या दिवशी आपण कुठे होतो हे बाईच्या पक्के लक्षात राहते. अडचण असते ती त्या उत्तराचे तारखेत रूपांतर करणाऱ्याची. २०१७ साली पोळा २१ ऑगस्टला आला आणि अधिक महिन्यामुळे २०१८ साली तो ९ सप्टेंबरला गेला. ज्या कार्यकर्तीने पोळा म्हणजे ऑगस्टचा शेवट असा ठोकताळा मनाशी बांधला असेल, तिच्या अर्जांत त्या वर्षीच्या कित्येक गरोदरपणांचे वय सरकून जाईल, आणि दूरच्या संगणकाला त्यात काहीच वावगे दिसणार नाही. म्हणून क्षेत्रीय कार्यकर्त्यांच्या पिशवीत त्या वर्षाची आणि आदल्या वर्षाची दिनदर्शिका असणे आवश्यक ठरते. सोनोग्राफीने हा प्रश्न पुष्कळ सोपा केला, पण ती लवकर झाली तरच. आणि तीन महिने पुरे होईपर्यंत दिवस गेल्याचे कोणाला सांगू नये ही समजूत जिथे घट्ट आहे, तिथे लवकर म्हणजे नेमके किती लवकर, हे सासू आणि आशा सेविका यांच्या परस्परविश्वासावर ठरते.

बाळाच्या वजनाचेही तसेच आहे. अडीच हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे, ही सीमारेषा जगभर मान्य आहे, आणि म्हणूनच जगभरच्या नोंदींत नेमक्या २५०० या आकड्यावर गर्दी जमते. काट्याचा कल थोडा इकडेतिकडे असला की लिहिणाऱ्याचा हात पूर्ण आकड्याकडे झुकतो. हिमोग्लोबिनच्या बाबतीत तर एकाच आकड्यामागे दोन वेगळी यंत्रे असू शकतात. उपकेंद्रात साहली पद्धतीने, म्हणजे रक्तात आम्ल मिसळून होणारा तपकिरी रंग नमुन्याच्या काचेशी डोळ्यांनी ताडून काढलेले साडेनऊ, आणि विजेरीवर चालणाऱ्या लहान यंत्राने दाखवलेले साडेनऊ, हे सारखे नव्हेत. अर्जावर आकडा उतरला की पद्धत मागे राहते, आणि मग दोन देशांतील रक्तक्षयाची तुलना ही काही अंशी दोन उपकरणांची तुलना होऊन बसते.

या सगळ्यांहून कठीण रकाना मृत्यूचा आहे. गर्भाशयातच किंवा प्रसूतीच्या दरम्यान दगावलेले बाळ हा उपजत मृत्यू, आणि जन्मल्यानंतर क्षणभर का होईना श्वास घेतलेले, हृदयाचा ठोका असलेले किंवा हातपाय हलवलेले बाळ गेले तर तो नवजात मृत्यू, असा भेद वैद्यकशास्त्र करते. भेद महत्त्वाचा आहे, कारण दोहोंची कारणे आणि उपाय वेगळे आहेत. किती आठवड्यांनंतरच्या मृत्यूला उपजत मृत्यू म्हणायचे यावरही देशोदेशी एकमत नाही. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटना २८ आठवड्यांची मर्यादा धरते, तर अमेरिकेत ती २० आठवड्यांची आहे. पण व्याख्या एकच ठरवली तरी ओसरीवरचा प्रश्न सुटत नाही. घरची माणसे ‘बाळ उपजतच गेलं होतं’ असे सांगतात, तेव्हा त्या वाक्यात दुःख आवरण्याचा प्रयत्न असतो, बाळाचा चेहरा आईला दाखवला नाही याचे समर्थन असते, आणि कधी सुतकाच्या नियमांचा विचारही असतो. बाळंतपण करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही नवजात मृत्यूपेक्षा उपजत मृत्यूची नोंद कमी चौकशी ओढवणारी वाटू शकते. अशा वेळी अनुभवी कार्यकर्ती मृत्यूचे नाव घेतच नाही. ती विचारते की बाळ रडले होते का, हूं का चूं केले होते का, छाती हलली होती का, अंगाची कातडी कशी होती, सोललेली होती की ताजी. कातडी सोललेली असेल तर मृत्यू प्रसूतीच्या पुष्कळ आधी झालेला असतो. ताजी असेल तर प्रसूतीच्या वेळी झालेला असण्याची शक्यता अधिक, आणि म्हणजे बहुधा टाळता येण्याजोगा. हे प्रश्न कोणाला आणि कधी विचारायचे याचेही शहाणपण लागते. तिसऱ्या दिवशी दारात जाऊन विचारणारी कार्यकर्ती वेळेत अर्ज भरते, पण त्या घराचे दार पुढच्या बाळंतपणासाठी बंद करून येते.

या रकान्याचे महत्त्व नागपूर, बेळगाव आणि केनिया या ठिकाणी दाई, परिचारिका आणि डॉक्टर यांना नवजात बाळाला श्वास घ्यायला लावण्याचे प्रशिक्षण दिले गेले तेव्हा अधिक ध्यानात येते. न रडलेल्या बाळाला पुसणे, चोळणे, मुखवटा लावून पिशवीने हवा देणे हे पहिल्याच मिनिटात करायचे, हा त्या प्रशिक्षणाचा गाभा. आता पूर्वी जे बाळ निपचित म्हणून बाजूला ठेवले गेले असते आणि उपजत मृत म्हणून नोंदले गेले असते, ते श्वास घेऊ लागते. त्यातली काही बाळे जगतात, काही दोन दिवसांनी जातात. म्हणजे चांगल्या कामामुळेच नवजात मृत्यूंचा आकडा वाढल्यासारखा दिसू शकतो. दोन्ही प्रकारचे मृत्यू एकत्र धरून पाहिले नाहीत तर नोंदवही वाचणारा दूरचा अभ्यासक नेमका उलटा निष्कर्ष काढेल, आणि त्याला तसे न करण्यास सांगणारे कोणीतरी त्या टेबलावर असावे लागते.

अर्ज भरून आला की त्याचा पुढचा प्रवास सुरू होतो. केंद्रात त्याची नोंद संगणकात होते, एका अर्जातील उत्तर दुसऱ्या अर्जाशी जुळते की नाही हे ताडले जाते, नाव-पत्ता इथेच ठेवून केवळ क्रमांकाने ओळखली जाणारी माहिती सुरक्षित मार्गाने अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील आरटीआय इंटरनॅशनल या संस्थेकडे जाते, आणि तिथे सर्व देशांची माहिती एकत्र येते. तिथून शंका परत येतात. बाळाच्या जन्माची तारीख आईच्या नोंदणीच्या तारखेआधीची कशी. जुळ्यांपैकी दुसऱ्याचे वजन का नाही. त्यांतल्या काही शंका निव्वळ लेखनाच्या असतात. ०५/०८ असे लिहिले तर नागपुरात ते ५ ऑगस्ट असते आणि अमेरिकेत ८ मे. म्हणून महिना अक्षरांत लिहिण्याचा दंडक घालावा लागतो. रिकाम्या चौकटीचा घोळ याहून जुना आहे. चौकट रिकामी आहे याचा अर्थ विचारले नाही, विचारले पण माहीत नव्हते, लागू नव्हते, की शून्य, हे लिहिणारीलाच ठाऊक; त्यासाठी वेगळे सांकेतिक अंक ठरवले जातात, आणि मग ‘माहीत नाही’ यासाठी ठेवलेला ९९ हा अंक कोणी वय समजून सरासरीत मिळवला तर ती सरासरी निकामी होते. प्रत्येक रकान्याचा अर्थ, मोजण्याची पद्धत आणि सांकेतिक अंक सांगणारी जी पुस्तिका माहितीसाठ्यासोबत दिली जाते, ती नसेल तर साठा कितीही मोठा असो, त्याचा उपयोग करू नये, असे प्रस्तुत लेखिकेचे स्पष्ट मत आहे. पुस्तिकेतही सारे मावत नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, त्यामुळे तिची गरोदरपणाची नोंद एका हद्दीत आणि प्रसूती दुसऱ्या जिल्ह्यात होते. ती नंतर ‘संपर्क तुटला’ या रकान्यात पडू नये म्हणून सासरच्या आशाताईने माहेरच्या आशाताईला केलेला फोन हा त्या नोंदणीच्या विश्वासार्हतेचा भाग आहे, पण पुस्तिकेत त्याला जागा नाही.

एवढा खटाटोप करून देशोदेशींच्या नोंदी एकत्र का आणायच्या, याचे उत्तर गणितात आहे. पहिलटकरणीला गरोदरपणाच्या सुरुवातीपासून कमी मात्रेचे ॲस्पिरिन दिले तर अकाली प्रसूती टळते का, या प्रश्नाची चाचणी या जाळ्याने भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमाला या सहा देशांत केली. २०१६ ते २०१८ या काळात ११,९७६ स्त्रिया तीत सहभागी झाल्या. निम्म्यांना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी, चौदावा आठवडा पुरा होण्याआधी सुरू करून. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अकाली प्रसूतीचे प्रमाण ॲस्पिरिनच्या गटात ११.६ टक्के आणि दुसऱ्या गटात १३.१ टक्के निघाले. हा दीड टक्क्याचा फरक खरा आहे की योगायोगाचा, हे सांगण्यासाठी हजारो स्त्रिया लागतात. एका जिल्ह्याने, एका वैद्यकीय महाविद्यालयाने कितीही निष्ठेने काम केले तरी तो पकडीत येत नाही. आणि दीड टक्का म्हणजे थोडके नव्हे. गोळी काही पैशांची असताना हजार पहिलटकरणींमागे पंधरा अकाली प्रसूती टळणे ही मोठी गोष्ट आहे. दुसरी चाचणी ॲझिथ्रोमायसिनची. योनिमार्गे प्रसूती होऊ घातलेल्या स्त्रियांना कळा सुरू असताना या प्रतिजैविकाची दोन ग्रॅमची एकच मात्रा तोंडाने दिली असता मातेचा रक्तदोष, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरून होणारी गंभीर अवस्था, किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. सात देशांतील २९,२७८ स्त्रियांचा हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. नवजात बाळांच्या बाबतीत मात्र त्या औषधाचा फायदा दिसला नाही, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले गेले. सामायिक नोंदीची ताकद यात दिसते की ती आशेलाही मोजून दाखवते.

उलट बाजूचे उदाहरण २०२० च्या मे महिन्यातले आहे. कोविडच्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अपायकारक ठरते, असे सांगणारा एक निबंध २२ मे रोजी ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला, सहा खंडांतील ६७१ रुग्णालये आणि ९६ हजारांहून अधिक रुग्ण यांची माहिती सर्जिस्फिअर या अमेरिकी कंपनीच्या साठ्यातून घेतल्याचा त्यात दावा होता. जागतिक चाचण्या त्यामुळे थांबवल्या गेल्या. शंका घेतल्या त्या आपापल्या देशाचे आकडे तोंडपाठ असणाऱ्यांनी: ऑस्ट्रेलियात २१ एप्रिलपर्यंत अधिकृतपणे ६७ मृत्यू झालेले असताना निबंधात त्याच तारखेपर्यंतचे तिथले ७३ मृत्यू होते. मूळ माहिती त्रयस्थ तपासनिसांना दाखवण्यास कंपनीने नकार दिला आणि ४ जूनला, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, निबंध मागे घेतला गेला. प्रचंड साठा, प्रतिष्ठित नियतकालिक, नामवंत लेखक हे सर्व होते. नव्हती ती एकही अशी व्यक्ती जी म्हणेल की ही ओळ या रुग्णालयात, या माणसाने लिहिली. नागपूरच्या नोंदणीत शंका आलेल्या अर्जावरून माग काढत गावापर्यंत जाता येते, ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण विश्वासार्हता ती हीच.

माग काढता येणे आणि ओळख न पटणे या दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात. नाव, गाव आणि फोन क्रमांक काढून टाकले की माहिती निनावी झाली, हा समज फार पूर्वीच खोटा ठरला आहे. १९९० च्या दशकात लॅटन्या स्वीनी या तरुण संशोधिकेने मॅसॅच्युसेट्स राज्याने ‘निनावी’ करून दिलेल्या आरोग्यनोंदी आणि विकत मिळणारी मतदारयादी शेजारी ठेवून खुद्द राज्यपालांची नोंद शोधून काढली होती. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढे तिला पुरले. भारतीय खेड्यात तर तेवढेही लागत नाही. एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत वर्षभरात तिळे एकदाच झालेले असतात, आणि ते कोणाकडे झाले हे अवघ्या तालुक्याला माहीत असते. म्हणून जाणकार केंद्रे तारखा न देता दोन घटनांमधील दिवस देतात, गावाऐवजी मोठा प्रदेश देतात आणि विरळा घटनांचे रकाने एकत्र करतात. यात माहितीची धार थोडी बोथट होते, आणि ती होऊ द्यावी.

कायद्याची चौकटही आता पूर्वीपेक्षा स्पष्ट आहे. परदेशी सहकार्याने होणाऱ्या आरोग्यसंशोधनासाठी संस्थेच्या नैतिकता समितीखेरीज केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे संमती, गोपनीयता आणि लाभातील वाटा यांविषयी तपशिलाने बोलतात. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संशोधनाला अटींसह सवलत दिली असली तरी ठरावीक देशांकडे माहिती पाठवण्यास मनाई करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला आहे. एवढे असूनही संमतीपत्रातील एक वाक्य नेहमी अवघड जाते: ‘ही माहिती भविष्यात इतर संशोधकांना दिली जाऊ शकते.’ मराठीत ते सोपे लिहिलेले असते, कार्यकर्ती ते सावकाश वाचून दाखवते, बाई मान डोलावते. पण भविष्यातील संशोधक म्हणजे कोण, याची कल्पना वाचणारीलाही नसते. बाई विचारते ती गोष्ट वेगळीच असते, आणि तीच खरी असते: ‘याचं आम्हाला का होईल?’ एका वैयक्तिक नोंदीचे त्या बाईला थेट काहीही होणार नाही, हे सांगण्याचा प्रामाणिकपणा कार्यकर्तीत असावा लागतो. आणि गावाला, तालुक्याला त्यातून काय मिळाले हे दोन-तीन वर्षांनी त्याच आरोग्य केंद्राच्या बैठकीत येऊन सांगण्याची जबाबदारी संस्थेने घ्यावी लागते. निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापून येणे म्हणजे परतफेड नव्हे.

नागपूरचे आकडे परदेशी जाण्याची सुरुवात मात्र या जाळ्यापासून झालेली नाही. इथे लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९८० साली सुरू झाली, आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ज्या ग्रंथमालेत जगभरच्या कर्करोगाचे प्रमाण शेजारी शेजारी छापले जाते, तिच्यात नागपूरचे नाव आलेले आहे. तोंडाच्या कर्करोगाचे इथले प्रमाण त्यामुळेच जगाच्या नकाशावर मांडता येते. पण रुग्णालयातील प्रश्नावलीत तंबाखूविषयी ‘ओढता का’ आणि ‘चघळता का’ एवढेच दोन प्रश्न असतील, तर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा तिच्यात पूर्णपणे उतरत नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे आणि तंबाखूसह तिचा धोका वाढतो, हे दिसण्यासाठी खर्ऱ्याला स्वतंत्र रकाना लागतो. तो मागण्याचे काम लियाँचा तज्ज्ञ करू शकत नाही. ते नागपूरच्या पानठेल्यावरून रोज जाणाऱ्या माणसानेच करावे लागते.

दुसऱ्याच्या पैशावर उभ्या असलेल्या सामायिक साठ्यांचे आयुष्य त्या पैशाच्या मर्जीवर असते, हेही अलीकडे दिसून आले. नव्वदहून अधिक देशांत चाळीस वर्षे चाललेला लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचा अमेरिकी कार्यक्रम २०२५ च्या सुरुवातीला निधी थांबल्याने एकाएकी खुंटला. भारताचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण त्याच परंपरेतले, पण त्याची सूत्रे मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असल्याने ते त्या एका निर्णयाने संपले नाही. या फरकाचा बोध नागपुरासारख्या केंद्रांनी घ्यायला हवा, कारण वर्षानुवर्षे तयार झालेल्या क्षेत्रीय कार्यकर्त्या एकदा पांगल्या की त्या पुन्हा जमत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर पोळ्यापासून तारीख काढण्याची विद्याही जाते.

ग्लोबल नेटवर्कच्या अभ्यासांची निनावी केलेली माहिती अमेरिकी संस्थेच्या ‘डॅश’ नावाच्या सामायिक भांडारात ठेवली जाते आणि पात्र संशोधक आपला प्रश्न लिहून, वापराच्या करारावर आपल्या संस्थेची सही घेऊन ती मागू शकतो. हा दरवाजा नागपूरच्या आणि सेवाग्रामच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही तितकाच उघडा आहे. शंभर-दीडशे केसपेपरवर प्रबंध उरकण्याऐवजी त्याने विदर्भातील हजारो गरोदरपणांच्या नोंदी घेऊन माहेरी जाणाऱ्या आणि सासरीच बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या बाळांची तुलना केली, तर ती करायला त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही; त्याला लागते ते संख्याशास्त्राचे शिक्षण, आणि ते देणारे शिक्षक इथल्या महाविद्यालयांत फार थोडे आहेत. दुसरी गरज भांडाराच्या बाजूची आहे. माहिती मागणाऱ्या प्रत्येक संशोधकाने, तो कुठल्याही देशाचा असो, ज्या केंद्रातून ती आली तिथल्या एका तरी माणसाशी विश्लेषणाआधी बोलावे आणि त्या माणसाचे नाव निबंधात लेखक म्हणून यावे, अशी अट वापराच्या करारातच असायला हवी. आणि तो माणूस केंद्राचा प्रमुखच असला पाहिजे असे नाही, अर्ज भरून घेणारी पर्यवेक्षिकाही असू शकते.